आधी गाठ, मग माणूस

नवं मशीन आलं की ते आधी स्वतःच्या पोटावर लावून बघायचं, ही तिची जुनी खोड. खोड तरी कशी म्हणायची, रीतच ती. सोनोग्राफी करणारी बहुतेक माणसं ती पाळतात आणि चारचौघांत कबूल करत नाहीत. सुतार नवा रंधा आधी घरातल्या फळीवर फिरवून बघतो, तसंच हे. म्हणून मशीनवाल्याने वायरी जोडल्या, दोन-चार बटणं दाबून दाखवली आणि "बघा मॅडम, आरशासारखं दिसतं की नाही" असं म्हणून तो पडद्याबाहेर जाऊन उभा राहिला, तेव्हा ती कॉटवर आडवी झाली, स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली आणि गार जेलचा गोळा पोटावर पिळला. यकृत जागेवर होतं, पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं असायचं तसं जरा चरबी धरून. पित्ताशय सकाळच्या चहा-बिस्किटांनंतर आक्रसून बसलेलं. उजवं मूत्रपिंड गुणी विद्यार्थ्यासारखं पहिल्या हाकेला उभं राहिलं. शेजारपाजारच्यांना ओळखीचं हसत पुढे जावं तशी ती पुढे गेली. राहिलं स्वादुपिंड. ते जातीचंच लाजाळू. जठराच्या मागे दडतं, पोटातल्या वाऱ्याचं पांघरूण घेतं. त्याला बघायचं तर पेलाभर पाणी प्यावं लागतं, म्हणजे जठराची खिडकी होते. पाणी ती आधीच प्यायली होती. खिडकी उघडली, आणि खिडकीत कुणीतरी बसलेलं होतं.

कण्यावरून वाकून स्वादुपिंड डावीकडे वळतं, त्या वळणावर एक गोल. लिंबाएवढा. भोवतीच्या राखाडीपेक्षा किंचित उजळ आणि भरीव. तिने हातातला प्रोब पोटावर फिरवला. खोट्या गोष्टी प्रोब फिरवला की विरून जातात, खऱ्या गोष्टी आपल्याबरोबर फिरतात. हा गोल फिरला. तिने चित्राचा उजळपणा कमी केला, आणखी खोलवरचं पाहिलं, श्वास ओढून धरला, कुशीवर झाली. नव्या मशीनचाच काही दोष असेल, असं तिच्या मनात आलं आणि पाठोपाठ हेही आलं, की पेशंट नेमकं हेच म्हणतात.

"कसं दिसतंय, मॅडम?" पडद्याबाहेरून मशीनवाल्याने विचारलं.

"छान," ती म्हणाली. "फारच स्वच्छ दिसतंय."

"जुन्यात एवढं नसतं दिसलं."

"नसतं दिसलं."

"मग ठेवायचं ना?"

ती गोलाकडे बघत होती. "ठेवावंच लागणार," ती म्हणाली.

चित्र तिने साठवलं नाही. साठवायचं काय, अस्सल प्रत पोटातच होती. कागदाने जेल पुसलं, कपडे सारखे केले आणि बाहेर येऊन मशीनवाल्याशी प्रोब ठेवायच्या खाचेबद्दल बोलली. ती खाच उजव्या हाताला जरा लांब पडते, असं तिचं म्हणणं होतं. तो म्हणाला, सवय होईल. मग दाराबाहेर बसलेले लोक एकेक करून आत येऊ लागले आणि ती नेहमीसारखी त्यांच्या पोटांवर हात फिरवू लागली. या कामात चेहरा राखावा लागतो. कॉटवरचा माणूस स्क्रीनकडे बघत नाही, त्याला त्यातलं काही कळत नाही. तो बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तिची भुवई हलली की त्याचं रक्त आटतं. म्हणून तिने वर्षानुवर्षं घासून एक चेहरा तयार केला होता, कोरा, दगडी, जरा कंटाळलेला. एक बाई एकदा म्हणाली होती, "डॉक्टरीण बाई, तुम्ही जांभई दिलीत ना, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला." तेव्हापासून अवघड जागी ती खोटी जांभईही देई. आज तिच्या लक्षात आलं, मघाशी कॉटवर तिच्या तोंडाकडे बघायला कुणीच नव्हतं. तो चेहरा तेव्हा कसा झाला असेल, हे जगात कुणाला कळणार नव्हतं, तिलाही नाही. भीती वाटली की माणसं म्हणतात, पोटात गोळा आला. आजवर ती ते हसण्यावारी नेत आली होती. तिच्या खोलीत पोटातल्या गोळ्याला रुंदी, लांबी आणि खोली असे. आता गोळाही आला होता आणि भीतीही, आणि कोण कुणाच्या मागून आलं हे सांगता येत नव्हतं.

दुपारी काम ओसरलं तसं डोक्यात जुन्या वर्गाचं दार उघडलं. शिकायच्या दिवसांतली ती लांबट खोली, भिंतीवरचे उजेडाचे डबे, त्यांवर टांगलेल्या काळ्या फिल्मा आणि मोठे सर. मोठ्या सरांच्या हातात मोडक्या छत्रीची काडी असे, तिने ते आजार दाखवत. स्वादुपिंडातल्या पाण्याच्या गाठींवर आले की त्यांना रंग चढे. पुस्तकात या गाठींना तोंड वेडावणारी नावं आहेत, सर म्हणत, ती परीक्षेला लिहा. ध्यानात ठेवायचं तर एका घरातल्या बायका म्हणून ठेवा: मुलीची, आईची आणि आजीची. मुलीची गाठ तरण्या पोरींना होते, काढून टाकली की बहुतेक वेळा प्रकरण मिटतं. आईची चाळिशी-पन्नाशीला, स्वादुपिंडाच्या शेपटाच्या बाजूला, आत चिकट पाणी. ती आज कितीही गरीब दिसू दे, उद्या फिरेल; तिच्यावर भरवसा नको, काढायला सांगा. आणि आजीची. ती क्वचित भेटते, बहुधा उतारवयात. बारीक बारीक खोल्यांची, नितळ पाण्याची, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. तिला हात लावू नका. आजीला बसू द्या. मागच्या बाकावरून वर्गमित्र बोक्याने विचारलं होतं, "सर, आणि सुनेची?" वर्ग खिदळला. सरांनी छत्रीची काडी बोक्यावर रोखली. "सुनेची भरीव असते," ते म्हणाले. "तिच्यापुढे आपलं काही चालत नाही." त्या दिवशी तीही पोट धरून हसली होती. आता, इतक्या वर्षांनी, रिकाम्या खोलीत मशीनचा पंखा घरघरत असताना, त्या विनोदातला एकच शब्द तिच्याकडे तोंड करून उभा होता. भरीव. स्वादुपिंडातली भरीव गाठ म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने ते लोकांना सांगितलं होतं. म्हणजे सांगितलं नव्हतं, कागदावर लिहून पाकीट चिकटवून दिलं होतं. पाकीट पुढच्या डॉक्टरने उघडावं, त्याने सांगावं, असा या धंद्याचा शिरस्ता. आपण फक्त बघायचं.

घरी नवरा शाळेच्या वह्या तपासत बसला होता. तो पोरांना पदार्थविज्ञान शिकवतो. गणितात पक्का आणि काळजाने भित्रा. मुलगी पोटात होती तेव्हा मोठ्या हौसेने तो सोनोग्राफी बघायला आला आणि स्क्रीनवर काळंपांढरं हलताना पाहून भिंतीला टेकत टेकत खाली बसला; बाळाच्या आधी बापालाच तपासावं लागलं. त्या दिवसापासून बायकोच्या कामाची चौकशी तो दारातूनच करी, "आज गर्दी होती?" एवढीच. आजही त्याने तेच विचारलं. होती, ती म्हणाली. मग तो एका पोराबद्दल सांगू लागला. प्रतिध्वनी शिकवत असताना त्या पोराने विचारलं होतं, सर, डोंगराला आपला आवाज आवडला नाही म्हणून तो परत करतो का? नवरा हसत होता. तिने त्याच्या हसण्याकडे पाहिलं, खालचा एक दात जरा आत गेलेला, हनुवटीवर दाढीत सुटलेले दोन पांढरे केस, आणि तिला वाटलं, सांगून टाकावं. पण सांगायचं म्हणजे काय? पाहिलेलं अजून अर्धंच होतं. अर्धवट पाहिलेलं बोलू नये, ही तिच्या कामातली पहिली शिस्त. शिवाय हा भिंतीला टेकून खाली बसेल आणि मग त्याला उठवण्यातच आपली भीती राहून जाईल. तेवढ्यात दुसऱ्या शहरातल्या मुलीचा फोन आला. भाड्याच्या खोलीची भिंत ओली होते, घरमालकीण म्हणते तुझाच टॉवेल टेकतो भिंतीला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं बाळा, तुला योग्य वाटेल ते कर." "आई, तू बरी आहेस ना?" मुलगी म्हणाली. "मला वाटलं, तू घरमालकिणीचा नंबर मागशील."

एमआरआय करायला ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तिला ओळखणारं कुणी नसेल असं केंद्र शोधायला तिला बराच विचार करावा लागला. एवढ्या मोठ्या शहरात बघणारे मूठभरच, आणि ते सगळे एकमेकांचे डोळे ओळखतात. काउंटरवरच्या मुलीने व्यवसाय विचारला तेव्हा ती म्हणाली, "घरीच असते." खोटं बोलल्याचं तिला काही वाटलं नाही. दागिने काढून ठेवा, दातांत काही धातू आहे का, बंद जागेची भीती वाटते का, असे तिचे स्वतःचेच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून तिच्याकडे आले आणि तिने शहाण्यासारखी उत्तरं दिली. टेक्निशियन बाईने तिला उताणी झोपवलं, सरळ केलं, पोटावर पट्टा बांधला, कानांवर गुबगुबीत झाकणं चढवली. "काकू, घाबरायचं नाही हं," ती म्हणाली. "नुसता आवाज होतो. आपण आपलं चांगलं चांगलं आठवायचं." तिला मनापासून गंमत वाटली. हे वाक्य ती स्वतः रोज म्हणे, पण पट्टा बांधलेल्या माणसाला चांगलं काही आठवतं का, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

आठवत नाही. नळीत सरकल्यावर आधी आठवला तो लहानपणीचा पलंग, ज्याच्या खाली ती लपून बसे. छप्पर नाकाशी, आणि बाहेर सगळं घर चाललेलं, पावलं, भांडी, कुणाचंतरी खोकणं. आणि आपण नसताना घर कसं चालतं ते ऐकायचं. ते ऐकताना एक दुष्ट सुख वाटे. आई हाका मारी आणि ती उत्तर देत नसे. मग हाकेतला राग जाऊन दुसरं काहीतरी येई, तेव्हा मात्र ती घाबरून बाहेर येत असे. इथे बाहेर येता येत नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणी फरशी फोडतंय तसे ठोके सुरू झाले, मग भुंगा, मग पुन्हा ठोके. कानात आवाज आला, "श्वास आत घ्या. बाहेर सोडा. धरून ठेवा." किती माणसांना तिने असं श्वास धरायला लावलं असेल. पलीकडे काचेआड बसलं की तो एक हुकूम असतो, चित्र हलू नये म्हणून. अलीकडे तसं नसतं. अलीकडे छाती रिकामी होते, पोट पाठीला लागतं, आणि त्या रिकामपणात माणूस अगदी एकटा असतो, बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखा. तिने धरून ठेवला. चांगला धरला, तिच्या चित्रांत थरथर नको होती. मग हातातल्या नळीतून औषध आलं, कोपरापासून खांद्यापर्यंत गार रेघ ओढत गेलं, आणि तिला वाटलं, आता ते तिथे पोचेल, त्या लिंबापाशी. लिंबू ते पिईल की नाकारेल, हे काचेआडच्या बाईला माझ्याआधी कळेल.

चित्रं तिच्या हातात आली आणि तिने ती उघडली नाहीत. आयुष्यभर जिने दिसेल ते उघडून पाहिलं, तिला आपलीच चित्रं उघडवेनात. भीती हे एक कारण झालं, पण त्याहून मोठं कारण दुसरं होतं. डोळ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. डोळा निर्लेप नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मनात चोर असला की चांदणंही ऊन वाटतं. तिला जे दिसण्याची भीती होती तेच तिला दिसलं असतं, किंवा घाबरून अगदी उलटं. कुणीतरी दुसरा डोळा हवा होता. पण ओळखीच्या डॉक्टरला दाखवलं तर त्याची जीभ मऊ होणार, हा तर रोजचा अनुभव. पेशंट परका असला की लिहिणारा सरळ लिहितो. पेशंट सहकाऱ्याची बायको निघाली की वाक्यात उशा येतात: नाकारता येत नाही, बहुधा, पुढे बघू. तिला उशा नको होत्या, फळी हवी होती. म्हणून तिने चित्रांवरचं नाव पुसलं आणि बोक्याला पाठवून दिली. खाली एकच ओळ: बाई, बावन्न, सोनोग्राफीत भरीव दिसली, तुला काय वाटतं?

बोका आता लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, पण अजून बोकाच. अंधाऱ्या खोलीत बसून राहायचा, त्याला अंधारात दिसायचं, आणि कुणाचीही भीड न ठेवता बोलायचा, म्हणून शिकतानाच हे नाव पडलेलं. तिला तो घार म्हणे. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहायच्या खोलीत, दोन स्क्रीनच्या निळसर उजेडात ती कुणाच्यातरी गुडघ्याकडे बघत बसली असताना त्याचा फोन आला.

"घारे, ही कुणाची पेशंट?"

"माझीच."

"आणि सोनोग्राफी कुणी केली?"

"मी."

"भरीव म्हणे. भरीव तुझं डोकं."

तिने खुर्चीचा हात धरून ठेवला.

"अगं, पोळं आहे ते," बोका म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मोठ्या सरांसारखा रंग चढला. "इतक्या बारीक खोल्या आहेत, की तुझ्या प्रोबचा आवाज एका भिंतीवर आपटतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एवढे आवाज परत आले की तुला वाटतं आत दगड आहे. भल्याभल्यांना वाटतं. एमआरआयमध्ये बघ ना, नुसतं पाणी, पांढरंशुभ्र. मधोमध चांदणीसारखा व्रण. स्वादुपिंडाच्या नळीशी काही देणंघेणं नाही. भिंती पातळ, कुठे फुगवटा नाही. आजी आहे आजी. खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली."

"वयाने जरा लवकर नाही?"

"काही बायका लवकर आजी होतात."

"नक्की ना?"

"दगडावर कोर."

"सुई घालून पाणी काढून बघावं का?"

"कशाला? आजीला सुई टोचायची? वर्षाने एक चित्र काढ. वाढलीच तर बघू, तोवर आपण दोघं निवृत्त होऊन दुसऱ्यांना त्रास देत असू. आणि तुझ्या पेशंटला सांग, यकृतात चरबी आहे, बिस्किटं कमी कर."

तिला हसू आलं. हसू आलं म्हणजे छातीतून काहीतरी सुटलं आणि नाकातून बाहेर पडलं. गुडघे तिला वेगळे जाणवू लागले, मांड्या, तळवे, एकेक अवयव हजेरी लावल्यासारखा परत आला. खोलीतला पंखा फिरत होता हे तिला आता ऐकू आलं.

"आणि नीट झोपत जा," बोका म्हणाला.

हसू तिथल्या तिथे थांबलं. "कुणाला सांगतोयस?"

पलीकडे बोक्याने घसा खाकरला. "डाव्या मूत्रपिंडावर वशिंड, आणि प्लीहेच्या बाजूला तिचीच दोन बारकी पिल्लं, एकाला एक चिकटून. अशी बाई मी जन्मात एकच बघितली."

शिकताना ते एकमेकांवरच हात बसवत. पेशंट संपले की मशीन मोकळं असे, आणि मग ज्याची पाळी तो कॉटवर. ती तेव्हा काडीसारखी, तिच्यात सगळं लख्ख दिसे, म्हणून तिचीच पाळी जास्त येई. वर्गातल्या सगळ्यांना तिचं पोट घराच्या अंगणासारखं पाठ झालेलं. बोक्यानेच ती पिल्लं पहिल्यांदा शोधली होती आणि आनंदाने ओरडून सगळ्यांना गोळा केलं होतं. नाव तिने पुसलं. कातडीच्या आतली ओळख पुसायचं कुणाला सुचतं? तोंड उघडं ठेवून, बुरखा पांघरून ती आपल्याच गल्लीतून हिंडून आली होती, आणि हे बावळटपण फक्त तिच्यासारखी बघणारी बाईच करू शकली असती.

पण आता बुरखा गळला होता, आणि त्याबरोबर फळीही. बोक्याला माहीत होतं. त्याला माहीत असताना तो बोलला. ते पोळं, ती चांदणी, खुर्चीतली आजी, ते सगळे विनोद. ते पाहिलेलं होतं की पांघरलेलं? बोका मऊ बोलत नाही हे खरं, पण मऊ बोलायचं ठरवलं तर बोका कसा बोलेल? असाच बोलेल. डोक्याला भरीव म्हणेल. नुकतेच परत आलेले तळवे पुन्हा थंड पडू लागले.

"आधी काय पाहिलंस?" तिने विचारलं. "गाठ की मला?"

"आधी गाठ," तो म्हणाला. "मग माणूस. बायको याच्यावरून मला रोज बोलते."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय. मी चित्र उघडलं, म्हटलं वा, पोळं, पोरांना दाखवायला ठेवू. मग डावीकडे गेलो आणि वशिंड दिसलं. मग मी उठून पाणी प्यायलो, आणि परत येऊन सगळं पहिल्यापासून बघितलं. पोळंच होतं." तो थांबला. "तुझा विश्वास बसत नाहीये."

"नाही."

"तू स्वतः काय बघितलंस?"

तिने स्क्रीनवरच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"उघडलंच नाहीस तू," बोका सावकाश म्हणाला. "घार डोळे मिटून बसली होती. उघड. आत्ता. मी फोनवर आहे, चकार शब्द बोलणार नाही."

तिने परक्याचा गुडघा बाजूला सारला आणि स्वतःला उघडलं. राखाडी चकत्या एकीमागून एक वर येऊ लागल्या. फुप्फुसांचे तळ. यकृत. बोटाखालचं चाक आपोआप फिरत होतं. मन मागे रेंगाळलं तरी बोट कामावर वेळेत हजर होतं. जठर, त्याची सुरकुतलेली भिंत. आणि मग ते. तिचा श्वास अडकला, आणि या वेळी कुणी धरायला सांगितलं नव्हतं. ती बोलू लागली. वर्गातल्या पोरांपुढे बोलते तशी, आवाज कोरा ठेवून, बोलता बोलता बोट पुढे सरकवत. स्वादुपिंडाच्या मध्यभागी गाठ. कडा स्पष्ट, जराशी लाटांची. आत असंख्य बारीक कप्पे, पाण्याने भरलेले. भिंती पातळ, सुतासारख्या. मधे व्रण. तिने चाक मागे फिरवलं, पुढे फिरवलं, स्वादुपिंडाच्या नळीचा माग काढला. नळी गाठीच्या कडेने गेली होती, पायवाट विहिरीच्या कडेने जाते तशी, आत उतरत नव्हती. औषध दिल्यानंतरची चित्रं. भिंतींनी ते थोडं थोडं प्यायलेलं, पाण्याने नाही. कुठे गुठळी नाही, कुठे उंचवटा नाही, शेजारी कुणी सुजलेलं नाही. तिने पुन्हा पाहिलं, खोडसाळपणे पाहिलं, वाईटाची बाजू घेऊन पाहिलं. पोळं पोळंच राहिलं. ते देखणं होतं, हे सांगायला तिला संकोच वाटला, म्हणून तेवढं तिने वगळलं.

"निष्कर्ष?" बोक्याने इतक्या वेळाने तोंड उघडलं.

"साधी गाठ," ती म्हणाली. "निरुपद्रवी."

"नाकारता येत नाही वगैरे काही?"

"नाही. काही नाही."

"मग लिही तसं," बोका म्हणाला. "आणि आता ठेव, माझ्याकडे खरे पेशंट आहेत."

घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. नवरा ओट्याशी कांदा चिरत उभा होता. तिने चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, आणि पाठमोऱ्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून, मशीनवाल्याच्या "ठेवायचं ना"पर्यंत आणि तिथून बोक्याच्या पाणी पिण्यापर्यंत. शेवट तिने मध्येच सांगून ठेवला होता, तो खाली बसू नये म्हणून. तरी त्याने सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून तो बसला. त्याचे डोळे ओले होते, पण तो कांदाही असू शकत होता.

"म्हणजे ती तिथेच राहणार?" त्याने विचारलं.

"राहील. वर्षातून एकदा बघायचं."

"दुखणार नाही?"

"नाही."

त्याने कांद्याचे हात पुसले. मग म्हणाला, "परवा मी तुझा करडा स्वेटर उकळत्या पाण्यात घातला."

"हो."

"बाहुलीला येईल एवढा झाला तो."

"हो."

"आणि तू म्हणालीस, असू दे." तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या रेघांवर बोट फिरवत होता. "तू म्हणालीस, असू दे, चालायचंच. मी गॅलरीत जाऊन बसलो होतो त्यानंतर. इतक्या वर्षांत तू मला चालायचंच असं कधी म्हणाली नाहीस. मला कळलं होतं काहीतरी झालंय. विचारायची हिंमत झाली नाही."

तिला तो गॅलरीतला दिसला, गुडघ्यांवर हात ठेवून, बाहुलीएवढ्या ओल्या स्वेटरसह. आपण त्याला जपतोय असं ती समजत होती, आणि हा बिचारा तिच्या गोड बोलण्याने रोज थोडा थोडा खचत होता. तिने त्याच्या हनुवटीवरचे ते दोन पांढरे केस पाहिले.

"आता बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"स्वेटरबद्दल."

ती आधी हसली. मग तिला तो स्वेटर खरोखर आठवला, त्याची लोकर, त्याची कोपरं, तो घेताना घासाघीस करून दमलेली ती, आणि कुठूनतरी खोलातून, पार त्या पोळ्याच्याही मागून, एक सणसणीत, निरोगी राग वर आला. डोळे नाहीत का, ती म्हणाली. आत पट्टी शिवलेली असते, त्यावर बादलीचं चित्र असतं, बादलीत आकडा असतो, पदार्थविज्ञान शिकवता ना, उष्णता म्हणजे काय ते लोकांच्या पोरांना सांगता ना. स्वेटरवरून ती बादलीवर आली, बादलीवरून न्हाणीघरातल्या दिव्यावर, तिथून तुमच्या घरातल्या माणसांना कधी काही धुवायला शिकवलंच नाही, यावर. आवाज चढत गेला. तिला तो आवडत होता, स्वतःचा आवाज, पोटातून येणारा. समोरच्या घरातल्या कुणीतरी हळूच खिडकी लावून घेतली. नवरा मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून, एकही शब्द न निसटू देता ऐकत होता, आणि दम घ्यायला ती थांबली तेव्हा त्याने मान वर केली.

"आणि ओला टॉवेल?" त्याने विचारलं. "पलंगावरचा?"

"त्याच्यावरच येतेय," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.